वाघमारे मॅडम आणि मोंढ्यातली फरशी

लातूर–शिरूर अनंतपाळ गाडीवर मी वाहक आहे, आणि चालत्या गाडीत मी दांडा धरत नाही. आता त्या रस्त्याबद्दल काय सांगावं! मागच्या बाकावर बसलेला माणूस न उठता पुढच्या बाकावर पोचतो आणि वाटेत दोघांच्या मांडीवर मुक्काम करतो. तरी मी दांडा धरत नाही. एक पाय पुढे, एक मागे, गुडघे जरा सैल. कंबरेखालचं सगळं गाडीच्या हवाली करते आणि कंबरेवरचं माझ्याकडे ठेवते, म्हणजे सुट्टे नीट मोजता येतात. आमचे चालक काका आरशातून रोज बघायचे. एके दिवशी त्यांना राहवलं नाही.

"बाई, तुमच्या बुटाला खालून खिळे ठोकलेत का वो?"

"हाव काका," मी म्हणाले, "वाघमारे मॅडमनी ठोकलेत."

काका म्हणाले, "ह्या कोण?" मी सांगायला सुरुवात केली. उतारू आपापल्या स्टॉपवर उतरायचं विसरले, असं मी म्हणणार नाही. पण दोघं नक्की विसरले.

वाघमारे मॅडम, मी मुखेडला शिकले त्या मुलींच्या निवासी शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. उंची बेताची, रुंदी उदार. पाचवारी साडी, निऱ्या वर खोचलेल्या, खाली पांढरेफेक बूट. गळ्यात शिट्टी असायची, पण ती त्यांनी कधी फुंकली नाही. गरजच नव्हती. मुखेडच्या मैदानावर मॅडमनी "सावधान!" म्हटलं की पार पुढच्या जांब गावच्या स्टँडवर उभी असलेली माणसं टाचा जुळवायची, असं आमच्या वसतिगृहात सांगत. मी जांबला जाऊन विचारलं नाही, कारण विचारलं की गोष्ट लहान होते.

मॅडमचं बोलणं मोजकं आणि सगळं हुकुमाच्या चालीत. "जेवलीस का?" हेसुद्धा त्या अशा विचारायच्या की न जेवलेली पोरगी घाबरून "हाव" म्हणायची आणि मग त्याच भीतीनं भाकरी शोधायला जायची. शाबासकी द्यायची त्यांची एकच रीत होती. पाठीवर थाप. ती थाप मिळालेली पोरगी दोन दिवस पालथी झोपायची आणि सगळ्यांना कारण सांगत फिरायची.

अशा या मॅडम लॉकडाऊन उठल्यावर पुण्याला बहिणीकडे गेल्या आणि येताना एक फळी घेऊन आल्या. खाली चार चाकं, म्हणजे स्केटबोर्ड. भाचीनं हौसेनं घेतली होती, एकदा पडली, मनगट मोडलं, फळी पलंगाखाली गेली. मॅडमनी ती पलंगाखालून ओढून काढली आणि पुण्याहून मुखेडपर्यंत मांडीवर घेऊन आल्या. गाडीत शेजारच्या म्हातारीनं विचारलं म्हणे, "बाई, पोळपाट लई लांबोळा घेतला, अन् खाली चाकं कामून?"

मॅडम म्हणाल्या, "आज्जी, आमच्याकडं जेवणारी माणसं पळून राहिलीत. पोळपाट बी पळाया पायजे."

एका फळीनं काय होतं? चाकं पुण्याहून मागवली आणि फळ्या मुखेडच्या सुतारानं केल्या, त्याही बाभळीच्या. ती एकेक फळी उचलायला दोघी लागायच्या. पायावर पडली तर फळीला काही होत नसे. आम्ही कुरकुर केली तेव्हा मॅडमनी आम्हाला पहिल्यांदा इतिहास सांगितला. नंतर तो शंभरदा सांगितला आणि दर वेळी तो जरा लांबला.

"पोरीहो, ऐका. लई वर्सामागं परदेशात समुद्राकाठी पोरंपोरी लाटांवर फळ्या घेऊन खेळायची. ज्या दिवशी लाट न्हाई त्या दिवशी काय करावं? तर रोलर स्केटची चाकं काढली, फळीला ठोकली, अन् सडकेवर सुटली. सुरुवात अशीच असती. सुताराच्या हातची. अन् पोरी पहिल्यापासून हुत्या, बरं का! एक पोरगी तर चालत्या फळीवर उलटी, हातावर हुभी राहून जायची. तिचा फोटो मासिकाच्या तोंडावर छापला. मंग खेळाला भाव आला. भाव आला की काय होतं?"

"पोरींना बाजूला सारतेत!" आम्ही एका सुरात.

"सारलं! बुटं पोरांच्या मापाची. मोठं बक्षीस पोरांना, पोरींना उरलंसुरलं. कुठं तर म्हणले, पोरी थोड्या हायत, त्यांची स्पर्धाच ठिवू नका. मंग आम्ही काय केलं? घरी बसलो?"

"न्हाईऽऽ!"

"आम्ही सोताच्या स्पर्धा भरवल्या. सोताचं मासिक काढलं. पुलाखाली, कोरड्या पडलेल्या पोहायच्या हौदात, जिथं जागा घावली तिथं फळी टाकली. अन् आत्ता ऑलिंपिकात तेरा वर्साची पोरगी सुवर्ण घेऊन गेली. तेरा! आपल्या आठवीतलं लेकरू!"

हे "आम्ही" ऐकून किनवटकडची जानकी एकदा उभी राहिली. जानकी म्हणजे आमच्यात सगळ्यात बारकी. वाऱ्याच्या दिवशी तिला खिशात दगड घालून बाहेर सोडावं लागे. तिनं विचारलं, "मॅडम, तवा तुमी कुठं हुत्या?"

मॅडम क्षणभरही थांबल्या नाहीत. "तवा मी मुक्रमाबादला शेण गोळा करत हुते. म्हणून काय मी त्यांच्यात न्हवते?"

जानकीनं मान डोलावली आणि खाली बसली.

आता शिकायचं कुठं? शाळेचं मैदान म्हणजे मुरूम आणि गोखरू. रस्ते कसे आहेत ते मी वर सांगितलंच. सगळ्या मुखेडात गुळगुळीत जागा दोनच. एक तहसीलदारसाहेबांच्या टेबलावरची काच आणि दुसरी मोंढ्यातल्या नव्या शेडची फरशी. काच मिळण्यासारखी नव्हती. मोंढा, म्हणजे आमची बाजार समिती, पावसाळ्यात ओस असतो. सोयाबीन दसऱ्याला येतं. तोवर त्या लांबलचक फरशीवर कुत्री झोपतात आणि हमाल पत्ते खेळतात. मॅडमनी सभापतींना तोंडी विचारलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आम्हा सगळ्यांना फळ्यांसकट तिथं उभं केलं.

आणि पहिला महिना मॅडमनी आम्हाला फळीवर पाय ठेवू दिला नाही. आधी पडायला शिकवलं.

शेडच्या कोपऱ्यात बारदान्याची, म्हणजे रिकाम्या पोत्यांची, हत्तीएवढी रास असायची. तिच्यावर आम्ही सकाळभर पडायचो. पुढं पडायचं, मागं पडायचं, कुशीवर पडायचं. "हात टेकू नको! मनगट जाईल! खांद्यावरून घरंगळ! तोंड मिट, जीभ चावशील!" कुणी पडून रडायला लागली की मॅडम जवळ बसायच्या आणि विचारायच्या, "कुठं लागलं?" पोरगी गुडघा दाखवायची. "अजून कुठं?" कोपर. "अजून?" मग पोरीला काही सापडायचं नाही. "मंग बाकीची सगळी तू शाबूत हायस की. ऊठ." आम्हाला घरी आजवर एकच शिकवलं होतं, की पोरीच्या जातीनं पडू नये. पडल्यावर उठायचं कसं, हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्या महिन्यात मी इतकी पडले की माझ्या अंगातून तागाचा वास दिवाळीपर्यंत गेला नाही.

मॅडम स्वतः फळीवर चढायच्या, पण त्यांना येत होतं एवढंच. सरळ जाणं. दोन्ही हात पसरून, मान ताठ, डोक्यावर पाण्याची घागर असल्यासारख्या निघायच्या. वळता यायचं नाही, थांबता यायचं नाही. समोर जो खांब येईल त्याला मिठी मारून थांबायच्या. मिठी मारून झाली की पदर नीट करायच्या आणि आमच्याकडे वळून म्हणायच्या, "असं करायचं न्हाई. ध्यानात आलं?"

तर सगळं असं छान चाललेलं असताना अप्पांनी बघितलं.

अप्पा मोंढ्यातले जुने आडते. सगळा मोंढा त्यांना नुसतं अप्पा म्हणायचा. पांढरंशुभ्र धोतर, खांद्यावर उपरणं. त्या धोतरावर डाग पडलेला अख्ख्या तालुक्यात कुणी पाहिला नव्हता. त्यांचा शब्द पडला की सौदा फिरायचा.

"मॅडम," अप्पा म्हणाले, "ही फरशी मालासाठी हाय. लग्नाच्या पोरी हितं हातपाय पसरून घसरून राहिल्या, हमालं बघतेत, आडते बघतेत. बरं दिसतं का?"

"अप्पा, फरशी रिकामी हाय. अन् बघणाऱ्यांना बघू द्या की. डोळे त्यांचे झिजतेल, आमचे न्हाई."

ते बोलणं काही बरं झालं नाही. सभापतींवर दाब आला. त्यांनी मधला मार्ग काढला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळे संचालक, अप्पांसकट, येऊन बघतील. त्यांना पटलं तर सकाळची फरशी पोरींची. न पटलं तर शेडला कुलूप. त्या संध्याकाळी वसतिगृहात कुणी जेवलं नाही. मॅडमनी "जेवलात का?" विचारलं, तरीही नाही. तेव्हा मात्र मॅडमना कळलं की हे साधं नाही. त्या म्हणाल्या, "दोन दिवस फळ्या ठिवून द्या. सणाचा आराम करा. परवा काय ते हूईल."

आता आमच्या हातून जे झालं ते मराठवाड्यातल्या पोरींच्याच हातून होऊ शकतं.

पोळ्याला सगळ्यांच्या घरी बैल सजणार आणि आम्ही वसतिगृहात. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपानं मळतात, वर्षभर जू वाहिलेले खांदे मऊ करतात. त्याला खांदेमळण म्हणतात. जानकीला त्या संध्याकाळी घरच्या बैलाची आठवण येऊन रडू फुटलं. रडता रडता तिची नजर भिंतीला टेकलेल्या फळ्यांवर गेली.

"ह्यांनी बी पावसाळाभर आपलं वझं वाहिलं की," ती म्हणाली.

बस. एवढंच पुरलं. स्वयंपाकाच्या मावशीकडून तूप आणलं, हळद आणली. पण फळीचा खांदा कुठला? आम्ही विचार केला. जिथं वजन पडतं तो. म्हणजे आख. म्हणजे चाकं. म्हणजे बेअरिंग! आम्ही चाकं तुपा-हळदीनं अशी मळली, अशी मळली की कुठल्या बैलानं जन्मात असं सुख पाहिलं नसेल. फळ्यांच्या कानात, म्हणजे पुढच्या टोकाशी, म्हणालो, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." दुसऱ्या दिवशी फळ्यांना गेरूनं रंगवलं, गोंडे बांधले, ओवाळलं आणि पुरणपोळी चारली. फळीला तोंड नसतं. म्हणून चाकांनाच चारली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी संचालक खुर्च्यांवर बसले. अप्पा मधोमध. शेडच्या दारात निम्मा मोंढा. मॅडमनी इस्त्रीची साडी नेसलेली. त्यांनी फळ्यांवरचे गोंडे पाहिले, भुवई वर गेली. हात वर केला. "जानकी. सुट!"

जानकीनं फळी टाकली, पाय मारला. फळी जागच्या जागी बसली आणि जानकी एकटीच पुढं गेली. हवेतून. अप्पांच्या पायाशी खांद्यावरून घरंगळली आणि उभी राहिली. मॅडम ओरडल्या, "दुसरी!" दुसरीही तशीच. मग मी. माझ्या चाकातून पुरण बाहेर आलं आणि पुरणाबरोबर मुंग्यांचं एक अख्खं वऱ्हाड. आम्ही सगळ्या एकामागून एक पडलो. काय सुंदर पडलो म्हणून सांगू! एकीचं मनगट टेकलं नाही, एकीनं जीभ चावली नाही. पण फळी एकीचीही हलली नाही.

शेडमध्ये हसू फुटलं. हमाल हसले, संचालक हसले. अप्पा हसले नाहीत, ते नुसते उठले. सभापतींनी खिशातून किल्ली काढली.

मॅडम फळीजवळ गेल्या. चाकाला बोट लावलं, वास घेतला. "कुणी केलं?"

जानकी पुढं झाली. म्हणाली, "खांदेमळण केली, मॅडम."

मला वाटलं, आता जांबच नव्हे, नांदेडपर्यंत ऐकू जाईल. पण मॅडमचा आवाज इतका खाली आला की तो आम्ही कधी ऐकला नव्हता. त्या संचालकांकडे वळल्या.

"अप्पा, आमच्या घरी पूजाअर्चा न्हाई, तुमाला ठाव हाय. आम्ही बौद्ध. पण माझा बाप सालगडी हुता. जल्मभर त्यानं दुसऱ्याच्या बैलाचे खांदे मळले. सोताचा बैल त्याला कधी झाला न्हाई. ह्या पोरींनी सोताच्या फळीचे मळले. चुकलं असंल. पण ज्याच्यावर जीव हाय त्याचेच खांदे मळतेत ना वो? मला दोन घंटे द्या. मंग कुलूप लावा."

त्या खुर्च्यांवर बसलेल्यांत एकही असा नव्हता ज्यानं परवा संध्याकाळी तेच केलं नव्हतं. अप्पा हळूच परत बसले.

मॅडमनी बाहेरच्या टेम्पोतून घमेलंभर डिझेल आणवलं. आम्ही फरशीवर बसून चाकं खोलायला लागलो. संचालक आधी लांबून बघत होते. मग एकजण म्हणाला, "अगं, असा पाना धरतेत का? आण हिकडं." शेतकरी माणूस, बिघडलेलं यंत्र समोर असताना खुर्चीवर किती वेळ बसेल? बघता बघता निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. अप्पांची पूर्वी तेलाची घाणी होती. जानकी बेअरिंग पुसत होती ते त्यांना बघवेना.

"पोरी, पुसू नको, फिरव! फिरव अन् झटक! आगं, दे हिकडं!"

आणि अप्पा खाली बसले. दोन घंट्यांनी ते उठले तेव्हा त्या धोतरावर डिझेल, तूप, हळद, गेरू आणि पुरण असे पाच रंग होते. मुखेडात त्या वर्षीचा सगळ्यात सजलेला बैल कोणता, यावर पुढे मोंढ्यात बरेच दिवस चर्चा झाली. अप्पांच्या माघारी.

मग जानकी सुटली. डिझेलनं धुतलेली चाकं अशी पळत होती की बाभळीची फळीसुद्धा पिसासारखी वाटली. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेली, खांबाला वळसा घातला आणि परत आली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. आमच्याकडे चांगलं काही बघितलं की माणसं टोपी सारखी करतात. सगळ्या शेडनं टोपी सारखी केली.

अप्पा म्हणाले, "अन् सोयाबीन आल्यावर?"

"सोयाबीन आधी," मॅडम म्हणाल्या. "पण पोरींना पार बाहेर काढू नका."

अप्पांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, आपल्या उजव्या हातावर टाकलं आणि हात पुढं केला. बैलबाजारात भाव असा ठरतो. कापडाखाली बोटं दाबून, बाकीच्यांना कळू न देता. त्या कापडाखाली बाईचा हात मोंढ्यानं तोवर पाहिला नव्हता. मॅडमनी पदर खोचला आणि बेधडक हात घातला. दोघं एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले. उपरणं हललं. अप्पांनी मान हलवली, नाही. परत हललं. मॅडमनी मान हलवली, नाही. तिसऱ्यांदा अप्पा हसले आणि उपरणं खांद्यावर टाकून निघून गेले. सभापतींनी किल्ली खिशात ठेवली. काय ठरलं, ते मॅडमनी आम्हाला सांगितलं नाही. "सौदा सांगायचा नसतो," एवढंच म्हणाल्या.

दसऱ्याला गाड्यांमागून गाड्या सोयाबीन आलं. आम्ही फळ्या उचलायला गेलो तर शेडभर ढिगारे, आणि ढिगाऱ्यांच्या मधून या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांब वाट रिकामी. झाडून स्वच्छ केलेली. एक दाणा नाही. सोयाबीनचा एक दाणा चाकाखाली आला तर काय होतं, हे अप्पांनी हमालांना बजावून ठेवलं होतं. ती वाट दर सुगीला राहते.

मॅडम आता निवृत्त झाल्या. गुडघे गेले. मला नोकरी लागली तेव्हा मी पेढे घेऊन गेले. म्हणाल्या, "गाडी हलली तर दांडा धरू नको. गुडघे वाकव." पेढा तोंडात असतानाही हुकूमच. मी पाया पडायला वाकले तर पाठीवर थाप बसली. त्या रात्री मी आनंदानं पालथी झोपले. ज्या दिवशी पहिल्यांदा भरल्या गाडीत, घाटात, गर्दीत, कुणाचाही आधार न घेता उभी राहिले, त्या दिवशी मला मनातल्या मनात त्यांना फोन करावासा वाटला. मग खरंच केला. म्हणाल्या, "हाव. मंग? त्यासाठीच तर पाडली हुती."

गेल्या सुगीत माझी सुट्टी होती म्हणून मी मोंढ्यात गेले. सौदा ऐन रंगात होता. अप्पांच्या ढिगाभोवती व्यापाऱ्यांचा घोळका, भाव पुकारणारा माणूस ढिगावर चढून ओरडत होता, एकेक बोली वर चढत होती. मॅडम वाटेच्या टोकाला भरल्या पोत्यांच्या थप्पीवर बसल्या होत्या, पांढरे बूट लोंबकळत. एवढ्यात वाटेच्या दुसऱ्या तोंडाशी एक पोरगी फळीवर चढली. पाचवीतली असेल, नवखी. पुकारणाऱ्यानं तोंडातली बोली तोंडातच धरली. घोळका दोन्हीकडे सरकला. अप्पांनी धोतराचा सोगा वर उचलला.

पोरगी डुगडुगत, हात पसरून, सगळ्यांच्या मधून गेली.

"गुडघेऽऽ!" मॅडम ओरडल्या.

पोरीनं गुडघे वाकवले. ती पुढं निघून गेली, माणसं परत जवळ आली, आणि पुकारणाऱ्यानं थांबलेली बोली पुढं चालवली. मॅडमनी सौद्याकडे बघितलंही नाही. त्यांचा हात वर गेला होता, पुढच्या पोरीसाठी.